गरमी म्हणजे उष्णता नव्हे

संपादकांनी लेख मागितला तेव्हा म्हणाले, "मामा, अनुभव लिहा, पण जरा सांभाळून. अंक घराघरांत जातो, बायका-मुलं वाचतात." मी विचारलं, सांभाळायचं म्हणजे काय करायचं? तर म्हणाले, त्या रोगाचं नाव थोडं सौम्य करा, 'विशिष्ट विकार' वगैरे लिहा. मी म्हटलं, साहेब, असल्याच एका सौम्य शब्दापायी दोन पोरं आईच्या पोटात मेली. नाव काढायचं असेल तर वही परत द्या, मी ती बंबात घालतो. त्यांनी वही ठेवून घेतली. म्हणून हे छापून आलंय. ज्याला लाज वाटते त्यानं पान उलटावं. पुढं चकल्यांची कृती असेलच.

माझी शाळा चौथीत सुटली. त्यानंतर जे काही शिकलो ते कोल्हापुरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या दारावर उभं राहून. शिपाई म्हणून लागलो, शिपाई म्हणूनच निवृत्त झालो. त्यातली तीस वर्षं एकाच दारावर गेली. दारावर पाटी होती, 'त्वचा व गुप्तरोग विभाग'. लोक पाटीतला पहिलाच शब्द वाचत. आमच्या घरात तर तोही वाचायची मुभा नव्हती. बायको पाव्हण्यांना सांगायची, "आमचं हे मोठ्या डॉक्टरांकडं असतात." कुठल्या डॉक्टरांकडं, हे कोणी विचारलं की ती चहा टाकायला आत जायची.

काम साधं होतं. केसपेपर लावायचे, नंबर पुकारायचे. नाव नाही, नंबर. नाव पुकारलं तर आमच्याकडं माणूस उठतच नाही. एकदा एका मास्तरांचं नाव चुकून पुकारलं, तर ते शेजारच्या माणसाकडं बघून म्हणाले, "अहो, तुम्हाला बोलावतायत." शेजारचाही उठेना. शेवटी दोघंही निघून गेले. हेल्मेट घालून बाकावर बसलेली माणसं बघितलीत मी. भर लग्नात मला नमस्कार न करणारा आमच्या पाव्हण्यांतला पुढारी सोमवारी सकाळी माझ्या कानाशी यायचा, "पावणं, जरा मागच्या दारानं घ्या की." मागचं दार नव्हतंच आम्हाला. ज्याला यायचंय त्यानं पुढून यावं, असं मी मोठ्यांदा सांगायचो. त्यानंतर ते पाव्हणे बाजारात मला बघून रस्ता बदलायचे. बदलू देत. माझा रस्ता काही अडला नाही.

मला राग येतो तो लाजेचा नाही. लाज माणसाला असणारच. मला राग येतो तो शहाणपणाचा. काहीच माहीत नसताना सगळं माहीत असल्यासारखं बोलतात, त्याचा. कोणी म्हणायचा, तापलेल्या दगडावर लघवी केली, त्यातनं झालं. कोणी म्हणायचा, एसटीच्या गरम सीटवर बसून गडहिंग्लजपासनं आलो, त्यातनं झालं. एकानं जखमेवर लिंबू पिळलं होतं. का, तर लिंबानं जंतू मरतात म्हणून. लिंबानं त्याची कातडी सोलून निघाली आणि जंतू होते तिथं राहिले. पेठ वडगावचा एक शिकलेला पोरगा, इंजिनियर. माझ्यासमोर मोबाईल नाचवत म्हणाला, "काका, एड्सची टेस्ट निगेटिव्ह आलीय, हा बघा रिपोर्ट. म्हणजे मी क्लीन." त्याच्या तळहातावर तांबूस ठिपके होते, तळपायावरही. मी तीस वर्षं ते ठिपके बघितलेत. म्हटलं, "बाबा, एड्स नसंल. पण दुसरं हाय. रक्त दे." तर म्हणतो, "दुसरं काय असतं?" इंजिनियर बरं का! खिशात जगाची माहिती घेऊन फिरतो, आणि दुसरं काही असतं हेच ठाऊक नाही.

आता हा रोग काय आहे, ते मी सांगतो. डॉक्टर याला सिफिलिस म्हणतात. आपल्या जुन्या भाषेत गरमी. ज्याला आहे त्याच्याशी संबंध आला की लागतो. दगडानं लागत नाही, सीटनं लागत नाही, संडासानं लागत नाही. आधी त्या जागेवर एक फोड येतो, त्याची जखम होते. आणि ती दुखत नाही. हीच या रोगाची हरामखोरी. दुखलं असतं तर माणूस पळत आला असता. दुखत नाही, म्हणून तो बसून राहतो. महिना-दीड महिन्यात जखम आपली आपण भरते. औषध घेतलं तरी भरते, न घेतलं तरी भरते. रोग गेलेला नसतो, तो रक्तात शिरून बसलेला असतो. पुढं ठिपके येतात, तेही जातात. मग वर्षानुवर्षं काही नाही. मग एखाद्याचं डोकं जातं, एखाद्याचं काळीज, एखाद्याचे डोळे. आणि बाई गरोदर असेल तर पोर.

रस्त्याकडेला तंबू ठोकून बसलेले वैद्य तुम्ही बघितले असतील. 'चाळीस दिवसांत खात्रीने आराम.' कसली खात्री? चाळीस दिवसांत जखम भरणारच असते! त्यानं चूर्ण दिलं काय आणि चुलीतली राख दिली काय. माणूस गावभर सांगत फिरतो, वैद्यानं बरं केलं. मी एकदा असल्या तंबूत जाऊन भांडलोय. त्यानं मला विचारलं, "तुमचं शिक्षण किती?" मी म्हटलं, "चौथी. पण तुझ्या पेशंटांना चाळीस दिवसांनी काय होतं, ते मला म्हाईत हाय. तुला न्हाय."

इतकं शहाणपण असलेला हा मामा. आता ऐका मी काय केलं ते.

एका वर्षी आमच्याकडं एक तरुण डॉक्टर शिकायला आले होते, परराज्यातले. माणूस हुशार, मराठी मात्र 'बसा, उठा' एवढंच. मग पेशंट आणि डॉक्टर यांच्यामधला दुभाषी मी. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? डॉक्टरांचं इंग्रजी मला थोडंफार कळायचं, आणि ते मी अस्सल आपल्या भाषेत पेशंटच्या गळी उतरवायचो. एकदा मोठे साहेब म्हणाले होते, "मामा नसतील तर ओपीडी बंद ठेवा." ते वाक्य मी गावात जाऊन सांगितलं होतं.

एका सकाळी हुपरीचा एक माणूस आला. त्याचं नाव मी बदलतो, बाबासो म्हणू. पस्तिशीच्या आतला, अंगानं सडपातळ, हाताची बोटं काळी पडलेली. हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं. याच्या घरी पैंजण करायचे आणि चांदी वितळवायची भट्टी यानंच सांभाळायची. डॉक्टरांनी पडद्यामागं तपासलं, रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि मला म्हणाले, सिफिलिस आहे, सांग त्याला.

मी म्हटलं, "बाबासो, तुला गरमी झालीया."

तो लगेच म्हणाला, "व्हय की मामा. सारखा भट्टीपुढं असतोय न्हवं."

मला वाटलं, हाही त्या दगडावर लघवी करणाऱ्यांतलाच. लाज झाकायला भट्टी पुढं करतोय. असल्यांना मी टोमणा मारायचो, तसा मारला. "सगळ्यांच्या भट्ट्या म्हाईत हायती आम्हाला. आता त्या भट्टीकडं पुन्यांदा जायचं न्हाय, काय?"

बाकावरची दोन-तीन माणसं हसली. तोही हसला. "न्हाय जात," म्हणाला.

त्याला सुई दिली. एकच सुई असते, पेनिसिलिनची, कुल्ल्यावर देतात, दोन दिवस बसताना आठवण राहते. मग नियमाप्रमाणं सांगितलं, "बायकोला घिऊन ये. तिलाबी तपासायला लागतंय." तशी चिठ्ठी लिहून दिली. तो "बरं" म्हणाला आणि गेला. आला नाही. असे कितीतरी येत नाहीत. डॉक्टरांपुढं पन्नास माणसं उभी असतात, न आलेल्याला हुडकायला कोण जाणार? आपण आपल्या बाजूनं सांगितलं, म्हणून मी कागद फायलीत लावला आणि पुढचा नंबर पुकारला.

तीन वर्षं गेली. परराज्यातले डॉक्टर शिकून गेले. त्यांच्या जागी मराठवाड्याच्या एक मॅडम आल्या. एका मंगळवारी बाळंतपणाच्या विभागातून चिठ्ठी घेऊन एक बाई आली. पाच महिन्यांची गरोदर, पण अंगावर मांस असं नाहीच, गळ्याची हाडं वर आलेली. तिला सुरेखा म्हणू. सोबत सासू आणि नवरा. नवऱ्यानं लांबूनच हात केला.

"मामा, वळखलं का? मी बाबासो, हुपरीचा. गरमीवर सुई दिलीसा की मला!"

भर व्हरांड्यात, एवढ्या मोठ्यांदा. हेल्मेट नाही, रुमाल नाही. आमच्या दारात कोणी असं ओरडत नाही.

तो आनंदानं सांगायला लागला. "तुमचं लई उपकार. तवापासनं भट्टीपुढं गेलो न्हाय बघा. भट्टी धाकल्या भावाला दिऊन टाकली. मी आता नुसती घुंगरं जोडतोय, पंख्याखाली. पुन्यांदा त्रास न्हाय."

मी बाकावर बसलो. मी कधी ड्यूटीवर बाकावर बसत नाही.

सासू म्हणाली, "ह्याचं बरं झालं ओ, पर हिच्या अंगात लई गरमी. दोन पोरं पोटात गेली. एक आठव्यात, एक सातव्यात. मागल्या खेपंला आमच्याकडच्या दवाखान्यात रगत तपासलं, तर तिथल्या बाईनंबी हेच सांगितलं, रगतात गरमी निघालीया. ही बघा चिठ्ठी." तिनं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घडी घालून ठेवलेला कागद काढला. "तवापासनं हिला थंडच देतुया. सब्जा, ताक, गुलकंद. गूळ बंद, तीळ बंद, अंडं बंद, भुईमुगाचा दाणा बंद. उन्हात जाऊ देत न्हाय. तरी हिची गरमी काय हटंना. जलमाचीच कडक हाय ही. माहेर गडहिंग्लजच्या खाली, तिकडं तिखट खात्यात लई."

मी कागद बघितला. रक्ताचा तोच रिपोर्ट. कोणीतरी वाचला होता, बरोबर वाचला होता आणि माझ्यासारखंच अस्सल मराठीत सांगितलं होतं. बाईला रोग होता, औषध एका सुईचं होतं, आणि हे लोक तिला ताक पाजत होते. दुसरं पोर ताकावर मेलं. आताचं तिसरं पोट होतं.

सुरेखा खाली मान घालून उभी होती. तिला कोणी काही विचारत नव्हतं.

मॅडमनी तिला एकटीला आत घेतलं. बऱ्याच वेळानं, तिला विचारून, सासू आणि नवरा दोघांनाही बोलावलं. दार उघडं होतं. मॅडम म्हणाल्या, "आजी, हिला आजच इंजेक्शन द्यायला हवं. पोटातलं बाळ वाचायचं असेल तर आजच."

"कसली सुई?"

"पेनिसिलिन."

म्हातारी उठून उभी राहिली. "अगं बाई! ती तर लई गरम सुई. आधीच हिच्या अंगात जाळ, त्यात वरनं ही सुई? पोर हाय ते बी जाईल. न्हाय जमायचं."

"आजी, ही उष्णता नाही. हा आजार आहे, सिफिलिस."

"तेच की. गरमीच न्हवं? मामांनीच सांगितलंया."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

नवरा आईच्या बाजूनं बोलला. "मॅडम, थंड काय असलं तर द्या. सुई बाळंतपण झाल्यावर घिऊ." मॅडम कळवळून सांगत होत्या, बाळंतपणानंतर उपयोग नाही, आत्ता द्यायला पाहिजे. पण नवऱ्याचा रोग त्याच्या आईपुढं त्या बोलू शकत नव्हत्या. तो कायदा आहे आणि तो बरोबर आहे. सुई का हवी ते सुरेखाला एकटीला त्यांनी सांगून झालं होतं. पण ती बिचारी एवढंच म्हणाली होती, "आत्तींना इचारते." आत्ती म्हणजे सासू. आणि आत्तींनी तर पिशवी उचलली होती.

ते तिघं जिन्यानं खाली गेले. माझ्या दारात पंधरा नंबर बसलेले होते. मी दार तसंच सोडलं आणि खाली धावलो. साठीकडं आलेला माणूस, धाप लागली. सासूला आणि सुरेखाला गेटजवळच्या कट्ट्यावर बसवून बाबासो हुपरीची गाडी कधी आहे ते विचारायला निघाला होता. त्याला मी नळापाशी गाठला.

"बाबासो, तीन वर्साखाली माझ्याकडं आलास, त्याच्या आदी कुठं गेलतास?"

"कुठं म्हंजे? माल द्यायला. धा दिस भाईर व्हतो."

"तिथं बाईकडं गेलतास?"

तो इकडं तिकडं बघायला लागला. "मामा, तुमी म्हातारी माणसं, काय इचारताय…"

"गेलतास का न्हाय?"

"एकदा."

"त्यातनं लागलाय तुला. भट्टीतनं न्हाय. तुला लागला, तुझ्यातनं तिला लागला. तिच्यातनं पोरांस्नी गेला. दोन्ही पोरं त्यानंच गेली. ही तिसरी खेप हाय."

नळ गळत होता, त्याच्याकडं तो बघत राहिला. मला वाटलं आता हा रडेल, गयावया करेल. माझ्यापुढं सगळे तेच करतात. हा वळला आणि माझ्या शर्टाला धरलं त्यानं.

"मग तुमी भट्टी म्हणलासा की!"

"मी चेष्टा केली रं."

"चेष्टा?" त्याचा आवाज चिरकला. "मी भट्टी भावाला दिली, मामा. आज्यापासनंची भट्टी व्हती माझी. तुमी म्हणलासा जायचं न्हाय, मी ग्येलो न्हाय. बायकोला आणा म्हणलासा. ती कुठं भट्टीपुढं बसत व्हती? तिला कशाला आणू? म्हणून आणली न्हाय. मला सरळ सांगितलं असतंसा, तर फरफटत आणली असती तिला. माझी पोरं व्हती ती!"

दवाखान्याच्या आवारात शिपायाला पेशंटनं गचांडी धरलेली, माणसं थांबून बघत होती. तीस वर्षांत मला कोणी हात लावला नव्हता. मी हात झटकला असता. नाही झटकला. म्हटलं, "मार मला. पर गाडीला जाऊ नगो. तिला वर ने."

त्यानं सोडलं. "आईम्होरं कसं सांगू?"

"आईला सांगू नगो. सुई आईला टोचायची न्हाय. जिला टोचायची तिला सांग."

"ती काय म्हणंल?"

"ते तू ऐकून घ्यायचं."

तो कट्ट्याकडं गेला. आईला काहीतरी सांगून त्यानं पाण्याची बाटली भरायला पाठवलं. मग सुरेखाजवळ बसला. मी लांब उभा होतो, ऐकू येत नव्हतं. तो बोलत होता, ती समोर बघत होती. मध्येच तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि तो बोलायचा थांबला. मग तिनं मान हलवली, बोल म्हणून, आणि तो पुन्हा बोलायला लागला. म्हातारी बाटली भरून परत आली, तेव्हा सुरेखा उभी राहिलेली होती.

"कुठं चाललीस गं?"

"सुई घ्यायला."

"येडी हायस का? पोर टाकशील!"

"आत्ती, दोन टाकली न्हवं? एक तर तुमच्या ताकावर." ती एवढंच बोलली आणि चालायला लागली. सासूला सुनेनं असं उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. सासूनंही ऐकलं नसावं, कारण ती बाटली हातात धरून तशीच उभी राहिली. बाबासो आईपाशी थांबला. तिला काय सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही. पण ती त्यानंतर सुईला आडवी आली नाही.

जिन्यात सुरेखानं मला गाठलं.

"मामा, म्हंजे माझी पोरं माझ्या उष्णतेनं न्हाईत गेली?"

"न्हाय बाई."

"माझ्या अंगात काय कडक-बिडक न्हाई?"

"काय न्हाय. उपाशी हायस, तेवढंच."

ती एक पायरी चढली, थांबली. "तुमाला ह्ये तवाच म्हाईत व्हतं?"

मी दुसरं काय सांगणार? "व्हय," म्हटलं.

ती उरलेल्या पायऱ्या चढून वर गेली. मॅडमनी आधी हातावर थोडं औषध टोचून बघितलं, सोसतंय का ते. मग सुई दिली. रोग जुना झाला की एका सुईवर भागत नाही. पुढच्या आठवड्यांत सांगितलेल्या दिवशी ती सुईला येत राहिली, एकही दिवस चुकवला नाही. बाबासोचंही रक्त पुन्हा तपासलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. नंबर पुकारला की उठायचा, आत जायचा.

त्या दिवसापासून मी तो शब्द माझ्या दारात बंद केला. शिकाऊ डॉक्टर असोत, सिस्टर असोत, कोणी 'गरमी' म्हटलं की मी मध्येच बोलायचो. लोक म्हणायचे, मामाला वेड लागलंय. मी पेशंटला सरळ सांगायचो, हा संबंधातून लागणारा रोग आहे. याला ताक चालत नाही, वैद्य चालत नाही, तुझ्या बायकोशिवाय तुझं औषध पुरं होत नाही. मग त्याच्याकडून उलट वदवून घ्यायचो, "सांग बघू, मी काय सांगितलं?" त्यानं भट्टी, दगड, सीट असलं काही काढलं की पुन्हा पहिल्यापासून. बाकावरचे हसायचे, काहीजण चिडायचे. एकानं तक्रारही केली की शिपाई अश्लील बोलतो. अश्लील! चौकशी झाली, मी साहेबांना म्हटलं, लिहून घ्या, मी असंच बोलणार.

आणि तरी काय बदललं? निवृत्त झालो, आता घरी बसून ऐकतो. आमच्या गल्लीतला जिम करणारा पोरगा परवा आईला सांगत होता, "अंगात हीट वाढलीया, तोंड आलंय, खाली फोड आलाय, नारळपाणी पिऊन बघतो." हीट! शब्द नवा आणला, अक्कल तीच. त्याच्या आईनं मला हसून सांगितलं, तिला वाटलं उन्हाळ्याचंच आहे. मी त्याच दुपारी त्याला धरून माझ्या जुन्या दारावर नेलं. तो माझ्यावर अजून रुसलाय. रुसू दे. शाळेत यांना बेडकाचं पोट शिकवतात, स्वतःचं शरीर शिकवत नाहीत. मास्तर तो धडा घरी वाचा म्हणून सोडून देतात. आणि घरी कोण वाचणार? ज्या घरात माझ्या कामाचं नाव काढत नव्हते, ते घर?

सुरेखाला मुलगी झाली. दिवस भरून, रडत, ओरडत. आता वाचणारे म्हणतील, चला, शेवट गोड झाला. मला असलं सांगू नका. एक जगली, दोन गेली. ती दोन मी परत आणू शकत नाही, संपादकही आणू शकत नाहीत.

असल्या बाळाचं रक्त दोन-तीनदा तपासावं लागतं, आईकडून काही आलंय का बघायला. शेवटच्या तपासणीचा रिपोर्ट घ्यायला ती आली तेव्हा मुलगी चांगली अंगानं भरलेली होती, बाकाला धरून उभी राहत होती. सुरेखाच्याही गळ्याची हाडं आता दिसत नव्हती. बाबासो मागं पिशवी घेऊन उभा. मी रिपोर्ट फायलीतून काढला. सवयीनं तिच्याबरोबर आत गेलो, मॅडमच्या टेबलाशेजारी उभा राहिलो, माझ्या नेहमीच्या जागी. मॅडमनी कागद हातात घेतला, मी सांगायला तोंड उघडलं.

सुरेखानं हात वर केला. "मामा नगो. मॅडम, तुमी वाचा. हाय तसं वाचा, येक येक शब्द. न्हाई कळलं तर मी इचारीन."

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. तीस वर्षांत त्या खोलीतून मला बाहेर काढणारी ती एकटीच. बरोबर केलं तिनं.